मशीनच्या कोटेशनआधी: छोट्या कंपनीचं बौद्धिक भांडवल आणि तंत्रज्ञान धोरण

तंत्रज्ञान धोरण ठरवायला बसलं की छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्यातल्या बहुतेक कंपन्यांत आधी कोटेशनची फाइल टेबलावर येते. कोणतं व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) घ्यायचं, रोबो बसवायचा का, ईआरपी (सगळ्या विभागांचं एकत्र सॉफ्टवेअर) कुणाचं. हे प्रश्न विचारायचेच आहेत, पण दुसऱ्या नंबरवर. आज आपल्याला ऑर्डर मिळते ती नेमकी कशाच्या जोरावर, हे आधी ठरवा. ती गोष्ट कंपनीकडे आहे की कंपनीतल्या दोन-तीन माणसांच्या डोक्यात, हेही बघा. तीच मशीन शेजारच्या प्लॉटवालाही त्याच सप्लायरकडून, तशाच कर्जावर आणू शकतो. तिच्यावर रिजेक्शन कमी ठेवायची रीत मात्र सप्लायर विकत नाही.

ही रीत, तिच्या नोंदी आणि तिच्यावर टिकलेली नाती मिळून कंपनीचं बौद्धिक भांडवल होतं. त्याचे तीन भाग करायची पद्धत आहे. माणसांच्या हातात आणि डोक्यात असतं ते मानवी भांडवल. माणूस गेला तरी कंपनीत उरतं ते रचनात्मक भांडवल: ड्रॉइंग, फिक्श्चर (काम करताना पार्ट पकडून ठेवणारी चौकट), पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) प्रोग्राम, प्रक्रियेच्या नोंदी, पेटंट. तिसरं संबंधांचं भांडवल: कस्टमरच्या क्वालिटी विभागाचा विश्वास, वेळेवर माल देणारा सप्लायर, बीजोत्पादन करून देणारी गावं. स्कँडिया या स्वीडिश विमा कंपनीने १९९०च्या दशकात वार्षिक अहवालासोबत याची वेगळी पुरवणी काढायला सुरुवात केली आणि हा विषय व्यवस्थापनाच्या वर्गात पोहोचला.

ताळेबंदात यातलं जवळपास काहीच दिसत नाही. लेखा मानक २६ असो की मोठ्या कंपन्यांना लागू होणारं इंड एएस ३८, संशोधनाचा खर्च त्याच वर्षी खर्ची पडतो. विकासाच्या टप्प्यातला खर्च काही अटी पूर्ण झाल्या तरच मालमत्ता म्हणून दाखवता येतो. स्वतः घडवलेला ब्रँड तर दाखवताच येत नाही. त्यामुळे सीएने दिलेला ताळेबंद समोर ठेवून तंत्रज्ञानाचं धोरण ठरवायला बसलात, तर निम्मी कंपनी नजरेआडच राहते.

पुढच्या पायऱ्या ४०-१०० माणसांची कंपनी डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. मोठ्या सल्लागाराची गरज नाही. आठवड्याला दोन तास आणि ते दोन तास कुणी मोडू नयेत याची काळजी घेणारा एक जबाबदार माणूस, एवढं पुरतं.

पायरी १: काम कुठे अडतं ते शोधा

‘आमचं ज्ञान’ या मथळ्याखाली यादी करायला घेऊ नका. त्यात ‘अनुभवी टीम’ आणि ‘दर्जा’ असलेच शब्द येतात. त्याऐवजी उत्पादन, मेन्टेनन्स, टूलरूम आणि क्वालिटी या चौघांना वेगवेगळं बसवून तीनच प्रश्न विचारा. कोण रजेवर गेलं की फोन करावा लागतो? कोणतं काम एका शिफ्टला जमतं आणि दुसऱ्या शिफ्टला बिघडतं? कस्टमर कोणत्या पार्टसाठी भाव थोडा जास्त देऊनही आपल्याकडेच येतो?

उत्तरांतून तीस-चाळीस कामं निघतील. त्यातली दहाच निवडा. निवडताना दोन गोष्टी बघा: काम येणारी माणसं किती, आणि ते बिघडलं तर नुकसान किती. एकाच माणसाला येतं आणि बिघडलं तर कस्टमरची लाइन थांबते, ते काम सगळ्यांत वर.

ऑटो व्हेंडर (गाड्यांच्या कंपन्यांना पार्ट पुरवणारे) असाल तर भिंतीवर स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कुणाला कोणतं काम किती येतं याचा तक्ता, आधीच असेल, आय-एल-यू-ओच्या खुणांसकट (‘यू’ म्हणजे काम एकट्याने करू शकणारा). तो वापरा, पण त्यावर भरवसा ठेवू नका. बऱ्याच ठिकाणी तो ऑडिटच्या आदल्या रात्री भरलेला असतो आणि त्यात प्रत्येक जण ‘यू’ असतो. खरं-खोटं तपासायचा सोपा मार्ग: ज्याच्या नावापुढे ‘यू’ आहे त्याला एक सेटिंग कुणालाही न विचारता करायला सांगा. आयएसओ ९००१:२०१५ या दर्जाच्या मानकातलं कलम ७.१.६ संस्थेच्या ज्ञानाबद्दलच आहे. म्हणजे हे काम ऑडिटरला दाखवायला वेगळं करावं लागत नाही.

पायरी २: एका कामाचं एक पत्रक

दहापैकी पहिलं काम घ्या आणि एका पानात लिहा. इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या, कारण इथेच बहुतेकांची गाडी रुळावरून घसरते. सल्लागार येतो, महिनाभरात इंग्रजीत दीडशे एसओपी (कामाच्या लेखी पद्धती) तयार होतात, फाइली कपाटात जातात आणि सेटर (मशीन लावून देणारा कारागीर) पूर्वीसारखाच खिशातल्या वहीवर काम करतो.

ॲल्युमिनियम प्रेशर डाय कास्टिंगचं, म्हणजे वितळलेला धातू दाबाने डायमध्ये (साच्यात) भरायच्या कामाचं, उदाहरण घेऊ. एसओपीत लिहिलेलं असतं: ‘पॅरामीटर सेट करावेत, पोरॉसिटी तपासावी.’ (पोरॉसिटी म्हणजे पार्टच्या आत राहिलेली भोकं.) सेटरला प्रत्यक्षात जे कळतं ते असं. पार्ट कापल्यावर भोक गोल आणि आतून गुळगुळीत असेल तर हवा किंवा वाफ अडकली आहे. वेडंवाकडं, खरखरीत असेल तर धातू आकसताना मागून पुरवठा मिळालेला नाही. पहिल्या प्रकारात तो डायवर स्प्रेचं पाणी साचतं का ते बघतो, व्हेंट (हवा बाहेर जायच्या फटी) साफ करतो आणि प्लंजर (धातू ढकलणारा दांडा) हळू गतीवरून वेगवान गतीवर कुठे जातो ती जागा तपासतो. बदल फार लवकर झाला तर स्लीव्हमधली (प्लंजरच्या नळीतली) हवा धातूत मिसळते, फार उशिरा झाला तर कोल्ड शट (धातू नीट न जुळल्याची रेघ) येतो. दुसऱ्या प्रकारात तो आधी बिस्किटाची (प्लंजरच्या टोकाशी उरणाऱ्या धातूच्या चकतीची) जाडी मोजतो. बिस्किट पातळ असेल तर ते लवकर गोठतं आणि शेवटचा दाब पार्टपर्यंत पोहोचत नाही. मग तो लॅडलमधून (धातू ओतायच्या पळीतून) येणारा धातू वाढवतो. दाब शेवटी बघतो.

हा ‘आधी हे, मग ते’ असा क्रम म्हणजेच ज्ञान. पॅरामीटरचे आकडे मशीनच्या स्क्रीनवर असतात, क्रम कुठेच नसतो. म्हणून पत्रकात पाच गोष्टी असाव्यात: काय दिसतं, त्याचा अर्थ काय, आधी काय तपासायचं, किती बदलायचं (आकडा आणि दोन्ही बाजूंच्या मर्यादा), आणि काय केलं तर आणखी बिघडतं. शेवटची गोष्ट विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही आणि नव्या माणसाला तीच सगळ्यांत जास्त उपयोगी पडते.

माहिती काढताना ‘तुम्ही कसं करता’ असं विचारलं तर ‘अंदाजाने’ हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी रिजेक्ट झालेले तीन पार्ट समोर ठेवा आणि विचारा, ‘दादा, याला काय झालंय?’ हात आणि तोंड दोन्ही चालू लागतात. मोबाइलवर तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ घ्या, त्यावरून पत्रक लिहा आणि तेच पत्रक हातात देऊन दुसऱ्या शिफ्टच्या माणसाकडून काम करून घ्या. तो जिथे अडेल तिथे पत्रक अपुरं आहे. मराठीत लिहा. शॉपवर उत्तर प्रदेश-बिहारची माणसं असतील तर हिंदीतही. ‘डाय’, ‘गेट’, ‘रनर’ हे शब्द तसेच ठेवा, त्यांना शुद्ध प्रतिशब्द शोधत बसू नका.

सेटर माहिती दडवत असेल तर त्याच्यावर चिडून उपयोग नाही. सगळं सांगितलं की आपली गरज संपली, हा त्याचा हिशेब चूक नाही, कारण अनेक ठिकाणी तसंच झालेलं त्याने पाहिलेलं असतं. पत्रकावर त्याचं नाव टाका. त्यात बदल करायचा तर त्याची सही लागेल असा नियम करा. नवीन माणूस तयार केल्याबद्दल पगारात दिसेल असा भत्ता द्या. वार्षिक दिनाला शाल-श्रीफळ द्यायला हरकत नाही, पण भत्त्याच्या जागी ते चालत नाही.

पायरी ३: हे नेमकं कुणाच्या मालकीचं?

कंपनीत वापरात असलेली प्रत्येक गोष्ट कंपनीची नसते.

ड्रॉइंग कस्टमरचं असतं. टूलिंगचे पैसे कस्टमरने दिले असतील तर डायही बहुधा त्याचीच. मग तुमचं काय? प्रक्रिया, फिक्श्चर आणि डायच्या डिझाइनमागचा विचार. पण पर्चेस ऑर्डरच्या मागच्या पानावरच्या बारीक अटींत ‘या कामातून झालेली प्रत्येक सुधारणा ग्राहकाची’ असं वाक्य असू शकतं. सही करण्याआधी एक ओळ घालून मागा: आमच्याकडे आधीपासून असलेली आणि या पार्टपुरती मर्यादित नसलेली प्रक्रिया-माहिती आमचीच राहील. मोठा कस्टमर पहिल्यांदा नाही म्हणेल, पण मागितलं नाही तर मिळायचा प्रश्नच नाही. पीपॅपच्या (नव्या पार्टच्या मंजुरीच्या) वेळी प्रोसेस एफएमईए (प्रक्रियेत काय बिघडू शकतं याचा तक्ता) प्लँटमध्ये बसून दाखवायची आणि प्रत द्यायची नाही, अशी सोय होते का तेही विचारा.

सॉफ्टवेअर सगळ्यांत धोक्याचं. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नोकरीत असलेल्याने कामाचा भाग म्हणून लिहिलेलं सॉफ्टवेअर, वेगळा करार नसेल तर, मालकाचं असतं. बाहेरच्या फ्रीलान्सरने लिहिलेलं मात्र त्याचंच राहतं, तुम्ही पूर्ण पैसे मोजले तरी. हक्क लेखी करारानेच हस्तांतरित होतात. करारात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. शिवाय करारात वेगळं म्हटलं नसेल आणि मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही, तर त्या हक्काचं हस्तांतरण संपुष्टात आलं असं मानतात. ‘सोर्स कोडसह सर्व हक्क, संपूर्ण मुदतीसाठी, जगभर, न वापरल्यास रद्द होणार नाहीत’ एवढं वाक्य आणि शेवटचा हप्ता सोर्स कोड हातात पडल्यावर.

कर्मचाऱ्याने शोध लावला तर पेटंट कायद्यात मालकाला आपोआप हक्क देणारी तरतूद नाही. अर्ज शोधकर्ता किंवा त्याने हक्क लिहून दिलेली व्यक्ती करते. म्हणून नेमणूकपत्रातच कामाशी संबंधित शोधांचा हक्क कंपनीला देणारं कलम हवं. प्रोजेक्टसाठी येणारी इंजिनिअरिंगची मुलं तर कर्मचारीही नसतात. त्यांचा प्रोजेक्ट रिपोर्ट कॉलेजच्या ग्रंथालयात किंवा वेबसाइटवर गेला की तो प्रसिद्ध झाला आणि पेटंटचं दार बंद. कॉलेजशी करार मुलं गेटमधून आत यायच्या आधी करा.

सोडून जाणाऱ्या माणसाला ‘दोन वर्षं प्रतिस्पर्ध्याकडे काम करणार नाही’ असं लिहायला लावायची हौस पुष्कळांना असते. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २७ असला निर्बंध रद्दबातल ठरवतं. गोपनीयतेचा करार टिकतो, पण त्यात गुपित काय ते सांगितलेलं हवं. ‘कंपनीची सर्व माहिती’ असं मोघम लिहिलं तर कोर्टात सिद्ध करणं जड जातं. पायरी २ मधली पत्रकं इथेही कामी येतात: कराराला त्यांच्या क्रमांकांची यादी जोडा.

पायरी ४: नोंदवायचं की झाकायचं

यासाठी एक ढोबळ कसोटी पुरते. तुमचा पार्ट विकत घेऊन, कापून, मोजून प्रतिस्पर्ध्याला युक्ती कळते का? कळत असेल तर नोंदणीचा विचार करा, कारण लपवून उपयोग नाही. कळत नसेल तर झाका. स्प्रेचं मिश्रण, हीट ट्रीटमेंटचं चक्र, लातूरच्या डाळमिलमध्ये तूर किती तास मुरवत ठेवायची हे डाळीकडे बघून समजत नाही. त्याचं पेटंट घ्यायला गेलात तर अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि सगळी कृती जगासमोर येते.

पेटंटची मुदत अर्जापासून २० वर्षं. कल्पना अजून पक्की नसेल तर तात्पुरतं विवरण दाखल करून तारीख धरता येते आणि पूर्ण विवरणाला १२ महिने मिळतात. उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क १,६०० रुपये, मोठ्या कंपनीला ८,०००. लघुउद्योगाची सवलत हवी तर फॉर्म २८ जोडावा लागतो, हे हमखास राहून जातं. तपासणीची विनंती वेगळी करायची असते. २०२४च्या सुधारित नियमांनी तिची मुदत ४८ महिन्यांवरून ३१ महिन्यांवर आणली आहे. ती चुकली की अर्ज मागे घेतल्यात जमा. एजंटची फी या सगळ्याहून कितीतरी जास्त असते, तेव्हा बजेट तिच्यावर धरा. नुसतं सॉफ्टवेअर किंवा अल्गोरिदम कलम ३(के) मुळे पेटंटमध्ये बसत नाही.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे आधी दाखवणं आणि मग अर्ज करणं. मसिआ या मराठवाड्यातल्या लघुउद्योजकांच्या संघटनेच्या औद्योगिक प्रदर्शनात स्टॉल लावला, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरवला, कस्टमरला गोपनीयतेच्या कराराशिवाय नमुना दिला, की नवीनता गेली. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसाठी कायद्यात मर्यादित सूट आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. आदल्या आठवड्यात तात्पुरतं विवरण टाका आणि मग खुशाल स्टॉल लावा.

वस्तूचा बाह्य आकार नवा असेल तर डिझाइन नोंदणी स्वस्त आणि लवकर होते: १० वर्षं आणि पुढे ५ वर्षं वाढ. तीही बाजारात माल आणण्याआधीच. ट्रेडमार्कचं संरक्षण १० वर्षांचं, दर वेळी नूतनीकरण करता येतं आणि लघुउद्योगाला ऑनलाइन शुल्क प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये. केंद्राच्या एमएसएमई इनोव्हेटिव्ह योजनेतून नोंदणी मिळाल्यावर खर्चाची भरपाई होते. देशांतर्गत पेटंटला १ लाखापर्यंत अशी तिची मर्यादा राहिली आहे. अर्ज करताना चालू मार्गदर्शिका बघून घ्या.

जालन्याच्या बियाणे कंपन्यांचं गणित वेगळं. वाणाचं संरक्षण २००१च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली मिळतं: शेतपिकांना १५ वर्षं, झाडं आणि वेलींना १८. हा कायदा शेतकऱ्याला बी राखायचा, अदलाबदल करायचा आणि ब्रँडशिवाय विकायचा हक्क देतो. त्यामुळे संकरित वाणात खरी तिजोरी म्हणजे नर आणि मादी वाण. बीजोत्पादनाच्या प्लॉटवर ते सांकेतिक क्रमांकाने पाठवायचे, एका गावात दोन्हींचा खुलासा करायचा नाही आणि उरलेलं बी मोजून परत घ्यायचं. यातली शेवटची पायरी बहुतेक जण कंटाळा म्हणून सोडतात, आणि गळती तिथूनच होते.

पायरी ५: आता कोटेशनची फाइल उघडा

प्रत्येक प्रस्तावित तंत्रज्ञानासाठी अर्धं पान लिहा. आपलं कोणतं ज्ञान यात वापरलं जाईल? कोणतं नवं लागेल? ते शिकायचं, विकत घ्यायचं की कुणासोबत मिळून करायचं? सहा महिन्यांनी सप्लायर गायब झाला तर काय?

वाळूज परिसरातले अनेक व्हेंडर दुचाकी आणि तीनचाकीच्या पार्टवर उभे आहेत. २०२४ मध्ये एथर आणि टोयोटा किर्लोस्कर या गाड्यांच्या कंपन्यांनी ऑरिक या शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक नगरीत प्रकल्प जाहीर केल्यापासून ‘ईव्हीत जायचं’ हे वाक्य प्रत्येक मीटिंगमध्ये ऐकू येतं. वाक्य सोडा, यादी काढा. क्लच आणि क्रँकशाफ्टचं मशीनिंग करणाऱ्याचा पार्टच बॅटरीवरच्या गाडीत उरत नाही, पण गोलाई आणि फिनिश धरून ठेवायची त्याची हातोटी मोटरच्या शाफ्टला चालते. डाय कास्टिंगवाल्याला मोटर हाउसिंग मिळू शकतं. तिथे पातळ भिंती आणि गळती-चाचणी येते, म्हणजे पोरॉसिटीचं जे पत्रक तुम्ही लिहिलंत तेच तुमचं प्रवेशपत्र. नवं शिकायचं ते लीक टेस्टिंग. आधी बाहेरून चाचण्या करून बघा, मराठवाडा ऑटो क्लस्टरसारख्या सामायिक सुविधा त्यासाठीच आहेत. अवघड टूलसाठी चिकलठाण्याचं इंडो-जर्मन टूल रूम आहे. कस्टमर पक्का झाल्यावर मशीन.

मूळ ज्ञान, म्हणजे ज्याच्यावर ऑर्डर मिळते ते, बाहेर देऊ नका. हिशेब, पगार, हजेरीचं सॉफ्टवेअर मात्र तयारच घ्या. ते ‘आपल्या पद्धतीने’ बनवून घेण्यात पैसे घालणाऱ्या कंपन्या बघून नवल वाटतं.

ऑटोमेशन पत्रकाच्या आधी येऊ देऊ नका. स्प्रेच्या रोबोला कुठे, किती सेकंद हे सांगावं लागतं. तीन सेटरच्या तीन पद्धती असतील तर इंटिग्रेटर (रोबो बसवून देणारा) त्यातली कुठली तरी एक उचलतो, आणि ती उत्तमच असेल याची हमी नाही. लातूरच्या मिलमध्ये कलर सॉर्टरचंही (रंगावरून दाणे वेगळे करणाऱ्या मशीनचंही) तसंच: कोणता दाणा ‘खराब’ हे आधी कंपनीने ठरवून नमुन्यांसह जपलेलं नसेल, तर सेटिंग सर्व्हिस इंजिनिअरच्या मर्जीने होतं आणि चांगला माल रिजेक्टच्या पोत्यात जातो.

मशीनच्या पर्चेस ऑर्डरमध्ये एवढं लिहून घ्याच: पीएलसी आणि एचएमआय (मशीनची स्क्रीन) प्रोग्रामची लॉक नसलेली प्रत, सर्व पासवर्ड, इनपुट-आउटपुट यादी, इलेक्ट्रिकल ड्रॉइंग, प्रत्येक शिफ्टच्या दोघांना प्रशिक्षण. हे सगळं हातात येईपर्यंत दहा टक्के रक्कम रोखून धरा. मशीन एकदा चालू झालं आणि पैसे गेले की पासवर्ड मागायला गेल्यावर एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) कोटेशन मिळतं. मशीनचा डेटा क्लाउडवर पाठवणारी यंत्रणा बसवत असाल तर डेटा कुणाचा आणि करार संपल्यावर तो कोणत्या स्वरूपात परत मिळणार, हे आधी ठरवा. तो डेटा म्हणजे तुमच्या सेटरचं ज्ञानच आहे, फक्त आकड्यांत.

मोजमाप

तिमाहीला चार आकडे पुरे: फक्त एकालाच येणारी कामं किती उरली, नवा ऑपरेटर देखरेखीशिवाय चालवायला किती दिवस घेतो, शिफ्टनिहाय रिजेक्शनमधला फरक किती, मालकीचे कागद अपुरे असलेल्या गोष्टी किती. यापेक्षा मोठा डॅशबोर्ड केला तर तो भरायला एक माणूस लागतो आणि तीन महिन्यांत बंद पडतो.

राजीनामा आधीच टेबलावर असेल तर

वरच्या पायऱ्यांना वेळच नाही आणि मुख्य सेटर ३० दिवसांच्या नोटिसवर आहे, असंही होतं. पहिल्या आठवड्यात त्याला उत्पादनातून पूर्ण मोकळा करा. हे जड जातं, तरी करा. फक्त तीन सर्वांत नाजूक पार्ट घ्या आणि व्हिडिओ व पत्रकं तयार करा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वारसदार हात चालवेल आणि जुना माणूस हात मागे बांधून फक्त बोलेल. चौथ्या आठवड्यात त्याला शॉपवर बोलावू नका, फोनवर ठेवा. वारसदार कशासाठी फोन करतो त्याची नोंद करा, तेवढंच पत्रकांत अजून यायचं राहिलेलं असतं. निघताना त्याचा हिशेब वेळेवर चुकता करा आणि पुढचे तीन महिने गरज लागली तर दिवसाच्या ठरलेल्या मानधनावर येण्याचं बोलून ठेवा. नव्या कंपनीत रुजू झाल्यावर त्याला फुकट फोन करत राहू नका. एक-दोनदा उचलेल, मग नंबर ब्लॉक होईल.